छत्रीवाला काय म्हणाला?

लोला रेमेदिओस लिफ्टमध्ये असली आणि नीरजाताई आत शिरल्या, की लोला नाकाला रुमाल लावायची. लपूनछपून नाही. थंडीत कानटोपी ओढून घ्यावी तितक्या सहजपणे, समोर बघत. स्कारबरोच्या त्या अठरा मजली बिल्डिंगमध्ये अर्धी घरं फिलिपिनोंची होती आणि उरलेली बरीचशी आपली, म्हणजे तमिळ, गुजराती, पंजाबी. मराठी घर एकच, सातव्या मजल्यावरच्या मोहरीलांचं. ज्याचा त्याचा स्वयंपाक ज्याच्या त्याच्या कोटाला चिकटून लिफ्टमध्ये यायचाच, पण रुमाल काढायची ती एकटी लोला. लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी, आणि सगळी बिल्डिंग तिला लोलाच म्हणायची.

नीरजाताईंचे यजमान नंदकुमार यांना याचा फार राग. "तिच्या वाळक्या मासळीनं आपला अख्खा फ्लोअर दोन दिवस भरला होता, तेव्हा आपण कम्प्लेंट केली का?" असं ते दर वेळी म्हणत. लोला अकराव्या मजल्यावर राहते, तिची मासळी सातव्यावर कशी येईल, हे नीरजाताई त्यांना विचारत नसत. चाळीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी सोडून द्यायला त्या शिकल्या होत्या.

लोलाची मुलगी जॉसेलिन तिकडे मनिलात शिकलेली पक्की नर्स. इथे मात्र नऊ वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणं, धुणं, भरवणं हेच करत होती. अखेर त्या हिवाळ्यात तिला इथल्या लायसन्ससाठी हॉस्पिटलात तीन आठवड्यांची प्लेसमेंट मिळाली, एकही दिवस चुकवायचा नाही या अटीवर. आणि नेमकी ती सुरू व्हायच्या तोंडावर लोलाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. त्यानंतर काही दिवस जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. घरात अकरा महिन्यांचा मातेओ, दहा किलोचा गोळा. नवरा कामाला तिकडे दूर अल्बर्टात. मग जॉसेलिन सातव्या मजल्यावर येऊन उभी राहिली आणि तीन आठवडे दिवसा येऊन बाळाला फक्त उचलाल का, असं विचारू लागली. नीरजाताई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं जंतू वाढवून बघायचं काम करून रिटायर झालेल्या. जॉसेलिनचे ते लायसन्सचे फॉर्म त्यांनीच तर बसून भरून दिले होते. आता हात कसा आखडता घ्यायचा?

"आई काही बोलली तर मनावर घेऊ नका, तीता," जॉसेलिन म्हणाली. तीता म्हणजे मावशी. "तिचं मन वाईट नाही."

"म्हणजे तोंड वाईट आहे," नंदकुमार आतून मराठीत म्हणाले.

पहिल्या दिवशी नीरजाताई वर गेल्या तेव्हा लोला पाळण्याशेजारी लाकडी खुर्ची टाकून बसली होती. एका डोळ्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक झाकणी चिकटपट्टीनं लावलेली, दुसरा डोळा नीरजाताईंवर. दाराची साखळी आतून लावून घ्यायला तिने सांगितलं. बाळाला पाळण्यातून काढायचं, बदलायचं, भरवायचं आणि आपल्या मांडीवर ठेवायचं, बस. खिडकीपाशी न्यायचं नाही, दाराकडे तर अजिबात नाही. आणि मग सकाळी सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत त्या एका डोळ्यानं तिने जो पहारा केला, त्याला तोड नाही. लोक डोळ्यात तेल घालून पहारा करतात, लोलाने औषधाचे थेंब घालून केला. नीरजाताई बाथरूमला गेल्या तरी ती बाहेर येऊन उभी राहायची. शहात्तर वर्षांची बाई, दिवसभर पाठ टेकत नव्हती. नीरजाताईंना राग यायला हवा होता, तो यायचाही, पण त्याच्यामागून दुसरंच काहीतरी यायचं. इतकं एकटक कुणी कुणाला जपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

हळूहळू तुटक इंग्रजीत थोडं बोलणं होऊ लागलं. बातांगासकडच्या एका खेड्यातली ही बाई. नवरा लवकर गेला. पाच पोरं बहिणीच्या पदरात टाकून ती चौदा वर्षं हाँगकाँगला परक्यांच्या घरी मोलकरीण होती. तिथली मालकीण तिला घरच्या पेल्यातून पाणी पिऊ देत नसे, हिचा पेला वेगळा. त्या वेगळ्या पेल्यावर तिने पाचही पोरं शिकवली. हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, उलट मालकीण स्वच्छतेची फार होती असं कौतुकच केलं. आणि त्याच दमात नीरजाताईंना निरखून म्हणाली, "तुम्ही काळ्या आहात, पण नाक चांगलं आहे. उंच." मग खिडकीचा पडदा ओढला, बर्फावरून येणाऱ्या उन्हानं मातेओ काळवंडू नये म्हणून.

नीरजाताईंना हसूच आलं. नागपूरला त्यांच्या लग्नाच्या बोलण्यांत नेमकं हेच वाक्य त्यांच्या सख्ख्या आत्यानं पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, सावळी आहे पण नाकीडोळी नीटस. हजारो मैलांवरच्या बाईला ते पाठ कसं, याचंच त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी घोळ झाला. मातेओला आंघोळ घालून नीरजाताईंनी पिवळा झबल्यासारखा सदरा घातला. पोरगं असं काही दिसायला लागलं, आणि असं काही खुदकन हसलं, की त्यांच्या तोंडावर कौतुक आलं आणि त्यांनी ते आतच गिळलं. मुलाचं तोंडावर कौतुक करू नये. लोला डोळ्यात थेंब घालून पाच मिनिटं मिटून बसली होती. नीरजाताईंनी पर्समधली काजळाची डबी काढली आणि बाळाच्या गालावर छोटीशी तीट लावली. आपल्या मुलीला, अक्षराला, लहानपणी लावायच्या तशी, कसलाही विचार न करता, हात आपोआप गेला.

लोलाने डोळा उघडला, गालावरचा काळा ठिपका पाहिला आणि ती ताडकन उठली. सदऱ्याच्याच टोकानं तिने तो गाल इतका खसाखसा पुसला की मातेओ कळवळून रडू लागला. दृष्ट लागू नये म्हणून लावलं, कुणाचा डोळा पडू नये म्हणून, असं नीरजाताई सांगत होत्या, पण लोलाने दाराची साखळी काढली होती. "घरी जा," ती म्हणाली. "आता जा." तिचे ओठ पांढरे पडले होते.

घरी येईपर्यंत नीरजाताईंचा पारा चढला. उद्यापासून जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. नंदकुमारांनी फक्त चहा टाकला, आणि तेच जास्त बोचलं. संध्याकाळी जॉसेलिन आली ती रडतच. तिच्याकडून सगळं कळलं. त्यांच्याकडे हिंदुस्थानी माणसाला 'बुंबाय', म्हणजे मुंबईचा, म्हणतात, मग तो कुठलाही असो. मूल झोपत नसेल, जेवत नसेल तर सांगतात, बुंबाय येईल आणि पोत्यात घालून नेईल. सगळ्यांच्या आया सांगतात. मोठेपणी लोक हसतात त्यावर.

"मी मुंबईत सलग आठ दिवससुद्धा राहिलेली नाही," नीरजाताई म्हणाल्या.

जॉसेलिनला हसायचं का रडायचं कळेना. "आम्हीही हसायचो, तीता. आई मात्र कधी हसली नाही. तिला वाटतं, तुम्ही बाळावर खूण केली."

प्लेसमेंटचे आठ दिवस उरले होते. एक दिवस चुकला तर जॉसेलिनची नऊ वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे नीरजाताईंना कळत होतं, पण ज्या घरात आपला हात मुलाला लागला तर पुसून काढतात त्या घरात परत पाय कसा ठेवायचा? सकाळी सांगते, एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी 'नाही' असंच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण जॉसेलिन त्यांच्या उत्तराची वाट न बघता पहाटेच कामावर गेली होती, आणि पावणेआठला दारावरची बेल वाजली.

दारात लोला. झोपायचा गाऊन, पायात मुलीचे बूट, डोळ्यावरची झाकणी एका बाजूनं सुटलेली. तिच्या हातांत मातेओ होता. ज्या पोराला ती या बाईच्या हातून खिडकीपर्यंतही जाऊ देत नव्हती, त्याला ती स्वतः उचलून, डॉक्टरांनी बजावलेलं सगळं मोडून, चार मजले खाली बुंबायच्या उंबऱ्यावर घेऊन आली होती. बाळाच्या कपाळावर लिपस्टिकनं काढलेला लाल क्रूस होता. नीरजाताईंनी काही न विचारता पोराला घेतलं आणि त्यांच्या हाताला चटका बसला.

एकोणचाळीस पॉइंट चार ताप, म्हणजे आपला एकशे तीन. खोकला नाही, श्वास नीट, डोळे उघडे, ओठ ओले. नीरजाताईंनी जॉसेलिनला मेसेज टाकला, नर्सच्या हेल्पलाइनला फोन लावला, वजन सांगून तापाच्या थेंबांचा डोस विचारला, आणि नंदकुमारांना खालच्या फार्मसीत पिटाळलं. चप्पल घालून बर्फात निघालेल्या नंदकुमारांना बूट घालायची आठवण करावी लागली. औषध पोटात गेल्यावर लोलाने नीरजाताईंचं मनगट धरलं.

"तुमची लाळ," ती म्हणाली. "अंगठ्याला लावा, त्याच्या पोटावर पुसा. तुमच्याकडून लागलंय, तुमच्याकडूनच निघेल."

नीरजाताईंना पुढचं समजावून सांगायची गरजच पडली नाही. नाव काहीही असो, त्यांच्या माहेरी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायचे तीच ही गोष्ट. परक्याची नजर लागली तर परक्यानंच काढायची, एवढाच फरक. पण माणसाच्या तोंडात काय काय वस्तीला असतं हे त्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, एकतीस वर्षं त्यांनी ते काचेच्या बश्यांवर वाढवून मोजलं होतं. त्या नाही म्हणणार होत्या. मग त्यांनी लोलाचे हात पाहिले. बाळाचा सदरा वर धरलेले ते हात थरथरत होते, आणि तरी सदरा खाली येत नव्हता. ही बाई आपल्याला घाबरते, आत्ता या क्षणीही घाबरते, आणि तरीही मूल आपल्यापुढे धरून उभी आहे. त्यांनी आधी सवयीनं साबणानं हात धुतले, मग अंगठा जिभेला लावला आणि बाळाच्या तापलेल्या पोटावर फिरवला.

तासाभरानं थेंबांनी आपलं काम केलं, बाळ घामेजलं आणि लोलाच्या मांडीवर झोपलं. लोला मोहरीलांच्या सोफ्यावर बसून होती. समोर देव्हारा, खाली नंदकुमारांच्या औषधांची चपटी खोकी. कुणी विचारलं नसताना ती बोलू लागली.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा त्यांच्या खेड्यात सायकलवरून एक बुंबाय यायचा. पगडीवाला. छत्र्या, चादरी, मच्छरदाण्या विकायचा. तिचा धाकटा भाऊ, टोटोय, दोन वर्षांचा, गोरा आणि गुबगुबीत. एके दिवशी त्या माणसानं दारात थांबून टोटोयचा गाल धरला, काहीतरी बोलला आणि पुढे गेला. रात्री पोराला ताप भरला. वडील सायकल घेऊन त्या माणसाला शोधायला निघाले, त्याची लाळ आणायला. तो कुठल्या रस्त्यानं गेला कुणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी टोटोय गेला.

महिन्यानं तो माणूस परत आला. गावानं त्याला वेशीवरच अडवलं आणि दगड मारले.

"मीपण मारला," लोला म्हणाली. "माझा लागला. इथे." तिने आपल्या भुवईच्या वर बोट ठेवलं. "तो पळाला तेव्हा त्याच्या सायकलवरून एक छत्री पडली. लहान मुलाची छत्री. एवढीशी. विकायची नव्हती ती, आमच्याकडे लहान मुलांच्या छत्र्या कोण घेतो? टोटोयसाठी आणली होती. आईनं ती चुलीत घातली. मी कुणाला सांगितलं नाही की मला कळलंय. जॉसेलिनलाही नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "मला वाटायचं, तुमच्यातलं कुणीतरी एक दिवस हिशोब मागायला येईल. मूल न्यायला येईल. आलं तर बरोबरच आहे, असंही वाटायचं."

सदुसष्ट वर्षं ही बाई तो दगड घेऊन फिरत होती. हाँगकाँगला त्या वेगळ्या पेल्यातून पाणी पिताना, लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावताना, पाळण्याशेजारच्या खुर्चीवर. आणि आज तिने तो काढून एका बुंबायच्या घरात, तिच्याच सोफ्यावर बसून, समोर ठेवला. माणसाच्या अंगात इतकी ताकद कुठून येते, हे नीरजाताईंना खरोखरच कळेना.

कारण त्यांच्याही आयुष्यात एक दार होतं. अक्षराच्या सातव्या वाढदिवसाला तिच्या वर्गातली एक जमैकन मुलगी, जिला बोलवू नकोस असं त्यांनी अक्षराला बजावलं होतं, प्रेझेंट घेऊन आली होती. आतून पोरांचा गोंधळ ऐकू येत असताना नीरजाताईंनी दारातच प्रेझेंट घेतलं आणि पार्टी संपली म्हणून सांगितलं. तिची आई खाली गाडीत थांबलेली होती. हे नंदकुमारांना माहीत नव्हतं. लोलासमोर ते सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं, आणि आलं तसंच परत गेलं. शहात्तर वर्षांच्या बाईला जे जमलं ते त्यांना जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला नीरजाताई अकराव्या मजल्यावर हजर होत्या. ताप तीन दिवस चढत-उतरत राहिला आणि चौथ्या दिवशी गेला. अंगावर बारीक लाल पुरळ उठलं. लहान मुलांना येतो तो नेहमीचा विषाणूचा ताप, असं क्लिनिकच्या डॉक्टरनं सांगितलं. काजळानं आला नव्हता आणि लाळेनं गेला नव्हता, हे नीरजाताईंना आधीपासूनच माहीत होतं. लोलाला ते त्यांनी समजावलं. लोलाने मान डोलवली. पटलं की नाही ते तिच्या देवाला ठाऊक.

शेवटच्या शुक्रवारी नीरजाताईंनी मातेओची आंघोळ उरकून त्याला टॉवेलमध्ये गुंडाळला. पुरळ मावळलं होतं, पोरगं टवटवीत झालं होतं, पाय झाडत होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे कौतुक गिळलं आणि त्याला मांडीवर द्यायला वाकल्या. लोलाने हात पुढे केले नाहीत.

"तो काय म्हणाला ते मला कधी कळलं नाही," ती म्हणाली. "टोटोयचा गाल धरून. गावात त्याची भाषा कुणाला येत होती? आई म्हणाली, मंत्र घातला. तुमच्याकडे मूल आवडलं की काय म्हणतात?"

तो माणूस पंजाबी असेल नाहीतर सिंधी, आणि आपण नागपूरच्या, हे सांगायला नीरजाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. भाषा वेगळी असली तरी बोलणं त्यांना ठाऊक होतं.

"याला म्हणा," लोला म्हणाली. "गालाला हात लावून. त्यानं लावला तसा."

नीरजाताईंचा हात उचलेना. नुकतं तापातून उठलेलं मूल, कपाळावर क्रूस नाही, गालावर तीट नाही, आणि त्याचं तोंडावर कौतुक करायचं? लॅबमधली एकतीस वर्षं कुठल्या कुठे गेली आणि त्या खरोखर घाबरल्या. आपलीच ही अवस्था, तर हिची काय असेल? त्यांनी लोलाकडे पाहिलं. झाकणी निघाली होती, दोन्ही डोळे उघडे होते आणि ती एकटक बघत होती. हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

नीरजाताईंनी मातेओचा गाल चिमटीत धरला. "किती गोड आहेस रे राजा," त्या म्हणाल्या. "शंभर वर्षांचा हो."

मातेओ हसला. लोलाने अर्थ विचारला, आणि त्यांनी एकेक शब्द इंग्रजीत सांगितला.

लोलाने त्या गालाकडे पाहिलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," नीरजाताई म्हणाल्या.